कानाने ऐकून केलेला प्रयोग ‘खरा’ प्रयोग असतो का?



या वेळचा लेख थोडा लांबला आहे, आधीच सांगून ठेवते. घटक ध्वनी, इयत्ता पाचवी. पण खरं तर हा लेख एका मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते उत्तर मला तेव्हा लगेच देता आलं नव्हतं.

आमची शाळा रोडपालीत. एका अंगाला कळंबोलीचं लोखंड मार्केट, दुसऱ्या अंगाला तळोजा एमआयडीसी. दिवसभर ट्रेलरची ये-जा, त्यामुळे आमच्या मुलांना आवाज या विषयाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही! माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या बाबांचा साउंड सर्व्हिसचा व्यवसाय आहे. लग्न, साखरपुडा, हळदी, गणपती, सत्यनारायणाची पूजा, सगळीकडे त्यांचे स्पीकर असतात. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी त्यांनी सगळ्या जुन्या वायरी काढून महागातल्या घेतल्या. सोनेरी पिनांच्या, जाड, काळ्या जाळीच्या. घरात त्यावरून बोलणं झालं असणार, कारण मुलगी मला येऊन म्हणाली, “बाई, आई म्हणते साठ रुपयाच्या वायरीतनं पण तेच गाणं येतं. बाबा म्हणतात आवाज मोकळा येतो. आपण बघूया का?”

मला तर हेच हवं होतं. विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि ज्वालामुखी, ठिबक सिंचन, पाण्याचं शुद्धीकरण यांचा मला खरोखर कंटाळा आला होता. आम्ही काय केलं, तर दोन्ही वायरी बाबांच्या छोट्या मिक्सरला लावल्या, एकच गाणं आधी एका वायरीतून, मग दुसऱ्या वायरीतून वाजवलं, आणि वर्गाला विचारलं, कोणता आवाज चांगला? हात वर करा. जवळपास सगळ्या वर्गाने महागड्या वायरीला हात वर केले. मुलीने कार्डशीटवर सुवाच्य अक्षरात निष्कर्ष लिहिला: महाग वायरीचा आवाज चांगला असतो हे सिद्ध झाले.

प्रदर्शनात परीक्षकांनी तक्ता वाचला आणि म्हणाले, “अगं, कानाने ऐकून कसलं विज्ञान? यंत्र कुठंय? डेसिबल मीटर लावला असता तर प्रयोग म्हटलं असतं. ही तर नुसती मतं झाली.” आणि पुढच्या टेबलाकडे गेले. परत येताना रिक्षात ती मला म्हणाली, “बाई, मग आपण केलं ते काय होतं?”

मला राग आला होता. पाचवीतल्या मुलीशी असं बोलतात का, हा एक राग. दुसरा राग जरा उशिरा कळला, तो म्हणजे त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. आणि जे अर्धं बरोबर होतं त्यातली चूक मुलीची नव्हती, माझी होती.

आधी त्यांच्या चुकलेल्या अर्ध्याबद्दल बोलू, म्हणजे माझा राग जाईल.

डेसिबल मीटर हे यंत्र आहे, मान्य. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, ती या मीटरवरच मोजतात. पण त्या मीटरवर जे ‘डीबी’च्या पुढे कंसात ‘ए’ असं छापलेलं असतं ते काय असतं? आपल्या कानाला सगळे सूर सारखे ऐकू येत नाहीत. बारीक हळू आवाजात खर्जातले सूर फारच कमी ऐकू येतात. म्हणून मीटर खर्जाला कमी गुण देतो. किती कमी, हे कुठून आलं? अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी माणसांना बसवून वेगवेगळे सूर ऐकवले आणि ‘हा सूर त्या हजार हर्ट्‌झच्या सुराइतका मोठा वाटतोय का’ असं विचारून विचारून आलेख काढले. ते १९३३ साली प्रसिद्ध झाले. मीटरमधला तो ‘ए’ या आलेखांवरून आला. म्हणजे परीक्षकांना ज्या यंत्राचा भरवसा होता, त्या यंत्राच्या पोटात माणसांचे कानच आहेत!

ज्या एमपी-३ मुळे गाणी मोबाइलमध्ये मावायला लागली, तीही अशीच घडली. जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्ग आणि त्यांचे सहकारी गाण्यातला कोणता भाग काढून टाकला तर कानाला कळत नाही, हे पुन्हा पुन्हा ऐकून तपासत होते. तुमचं आमचं कान तपासणं तरी काय असतं? हेडफोन लावतात आणि ‘टुं’ ऐकू आलं की बोट वर करा म्हणतात. प्रश्नच जर ‘माणसाला फरक ऐकू येतो का’ असा असेल, तर कान हेच मोजायचं यंत्र. मीटर फार तर सांगेल की फरक आहे. तो ऐकू येतो की नाही, हे मीटर कसं सांगणार?

दुसरा मुद्दा ‘हौशी’चा. परीक्षकांनी तो शब्द वापरला नाही, पण रोख तोच होता. पाचवीतली पोर, प्राथमिकची बाई आणि लग्नात डेक लावणारा माणूस कसलं विज्ञान करणार? म्हणून मी जरा वाचायला बसले. आणि आपल्याकडे या विषयात काय एकेक हौशी होऊन गेलेत!

कानाने केलेला आपल्याकडचा सगळ्यात जुना प्रयोग भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. त्याला सारणा चतुष्टयी म्हणतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, पण मांडणी बघा. दोन अगदी सारख्या वीणा घ्यायच्या, सारख्याच लावायच्या. एक ध्रुव वीणा, तिला हात लावायचा नाही. दुसरी चल वीणा, तिचे स्वर एकेका पायरीने चार वेळा उतरवत जायचे आणि दर वेळी पहिलीशी ताडून बघायचे. दुसऱ्या वेळी उतरवल्यावर चल वीणेचे ग आणि नी हे ध्रुव वीणेच्या रे आणि ध ला जाऊन मिळतात, तिसऱ्या वेळी रे आणि ध हे सा आणि प ला मिळतात, चौथ्या वेळी सा, म, प हे नी, ग, म ला मिळतात. म्हणजे ग, नी प्रत्येकी दोन श्रुतींचे, रे, ध तीन-तीनचे, सा, म, प चार-चारचे. बेरीज करा, २२ येते. (मुलांना ही बेरीज फळ्यावर करायला लावा, मजा येते.) आपण डी.एड.ला शिकलो ना, प्रयोगात एक गोष्ट बदलायची आणि एक तशीच ठेवायची तुलनेसाठी? ती ध्रुव वीणा म्हणजे तेच आहे.

पुढे तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला, यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव होते. त्यांचा ‘संगीतरत्नाकर’ सगळ्यांना माहीत असतो. पण त्यांची नोकरी हिशेबखात्यातली होती हे मला माहीत नव्हतं. त्यांनी वीणेवर बावीस तारा लावायला सांगितल्या, आणि अट अशी की शेजारच्या दोन तारांच्या मधे तिसरा वेगळा सूर ऐकू येता कामा नये. कानाला कळणारा लहानात लहान फरक! हिशेबनिसाने हे लिहून ठेवलंय.

आणि गंमत म्हणजे दुसरा हिशेबनीस सर सी. व्ही. रामन. १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षं ते सरकारी वित्तखात्यात अधिकारी होते. सकाळ-संध्याकाळ कलकत्त्याच्या बहूबाजारातल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये जाऊन तंतुवाद्यांवर वगैरे प्रयोग करायचे. नोकरीच्या हिशेबाने बघितलं तर हौशीच की! तबला-मृदंगाचा आवाज इतर ढोलांसारखा ‘धप्प’ न येता सुरात का येतो, यावर त्यांचा शिवकाली कुमार यांच्याबरोबरचा लेख १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. मधे जी शाई लावतात तिच्यामुळे कातड्याची कंपनं एकमेकांशी सुरेल नात्यात बसतात. नंतर त्यांनी कातड्यावर बारीक वाळू पसरून ती कंपनं कशी होतात ते डोळ्यांना दाखवलं. पण ही शाई लावणाऱ्या कारागिराने वाळू पसरली नव्हती. त्याने कानाने ऐकत ऐकत थर चढवले होते. मिरजेचे तंबोरे बनवणारेही तेच करतात. घोडीवर तारेखाली दोरा सरकवत सरकवत जवारी खुलवतात, कुठे थांबायचं ते कान सांगतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या कानांनाच मिळालं असं मी समजते.

पण आमच्या वायरीच्या भांडणाशी सगळ्यात जवळची गोष्ट सांगलीची आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. भरताच्या २२ श्रुती नेमक्या कुठे आहेत, याचा त्यांना ध्यास लागला होता. ते ना पेशाने गवई, ना शास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं आधाराला घेतलं. खाँसाहेबांनी स्वर लावायचा, देवलांनी तार त्या स्वराशी मिळेपर्यंत कमी-जास्त करायची आणि तारेची लांबी मोजून स्वरांची गुणोत्तरं काढायची. १९१० मध्ये त्यांचं हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्यांना साथ मिळाली साताऱ्याच्या जिल्हा न्यायाधीशांची, ई. क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्याची. तेही हौशीच. दोघांच्या मांडणीवरून परदेशातून खास श्रुती हार्मोनियम बनवून आणली.

मग १९१६ च्या मार्चमध्ये बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिचे सूत्रधार पं. विष्णु नारायण भातखंडे, आणि ते मूळचे वकील! म्हणजे डेप्युटी कलेक्टर, न्यायाधीश आणि वकील असे तिघे मिळून स्वर कुठे लागतो यावर वाद घालतायत. परिषदेत ती हार्मोनियम वाजवून दाखवली गेली. उदयपूरचे धृपदिये झाकिरुद्दीन खाँ यांच्यासारखे मोठे गवई तिथे होते. त्यांच्या गळ्यातले स्वर आणि पेटीचे स्वर जुळेनात. देवल-क्लेमंट्स यांची मांडणी परिषदेत मान्य झाली नाही.

आता विचार करा, इथे चुकलं कोण? देवलांनी केलं ते विज्ञान नव्हतं का? मला वाटतं होतं. त्यांनी मोजलं, लिहून ठेवलं, छापलं, आणि चारचौघांत येऊन ‘ऐका आणि तपासा’ म्हणाले. फक्त एका मोठ्या गवयाचा गळा म्हणजे सगळ्या देशाचं संगीत असं धरलं. आणि स्वर जुळला की नाही हे ठरवणाऱ्याला तो कुठे जुळायला हवा हे आधीच माहीत होतं. पुस्तकातलं गुणोत्तर डोक्यात असलं की कान तिकडे झुकतो. पण दुसऱ्या बाजूचं काय? या गवयाला पटलं नाही म्हणून ते खोटं, हेही एका कानावर विसंबणंच झालं. पुढे १९६३ मध्ये जैराझभॉय आणि स्टोन यांनी कलाकारांच्या ध्वनिमुद्रणांतले स्वर यंत्राने मोजले, तेव्हा दिसलं की एकाच स्वराची जागा कलाकारागणिक बदलते, आणि एकच कलाकार एकाच मैफलीतही तो थोडा वर-खाली लावतो. म्हणजे पेटीच्या पट्टीसारखी ठाम जागा गळ्यात नसते. देवलांचा प्रश्न चांगला होता, कानही चांगला होता. प्रयोगाची मांडणी तोकडी पडली.

आता माझी चूक. आमच्या वर्गातल्या प्रयोगात काय काय घडलं होतं, हे मी शांतपणे लिहून काढलं. मुलांना कोणती वायर चालू आहे ते दिसत होतं. सोनेरी पीन बघितल्यावर कान काय वेगळं सांगणार? दुसरं, मलाही माहीत होतं, आणि मी नक्कीच महागड्या वायरीच्या वेळी भुवया उंचावल्या असणार. (बर्लिनच्या ‘हुशार हान्स’ घोड्याची गोष्ट आठवा. तो गणितं सोडवतो असं वाटायचं. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवलं की तो प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता. आपल्या वर्गात असे तीस-बत्तीस हान्स बसलेले असतात!) तिसरं, हात वर करायला सांगितले, म्हणजे पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाने केला की मागचे करणारच. आणि चौथं सगळ्यात मोठं, जे मला मुलीच्या बाबांनी दाखवलं. मिक्सरवर महाग वायरीच्या चॅनलचं बटण किंचित जास्त उघडं होतं. थोडासा मोठा आवाज आपल्याला ‘मोठा’ असा वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. साउंडवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. ते हसत म्हणाले, “मॅडम, दुकानदार आम्हाला असंच गंडवतो.”

मग आम्ही सगळं पुन्हा करायचं ठरवलं. खरं सांगते, माझ्या मनात परीक्षकांना खोटं ठरवायचं होतं.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर बाबा सामान घेऊन आले. लॅपटॉपमधून एकच गाणं वाय-पिनने दोन्ही वायरींत सोडलं आणि दोन वायरी मिक्सरच्या दोन चॅनलला लावल्या. जुळवाजुळव करताना एक गोष्ट घडली ती सांगायलाच हवी. गाणं बंद असताना ते मधेच थांबले आणि म्हणाले, “हम येतेय.” आम्हाला कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी स्वस्त वायरीची पीन उघडली, आतल्या जाळीचा डाग निसटला होता. तुटक्या वायरीशी चांगल्या वायरीची तुलना करणं बरोबर नाही, असं त्यांनीच सांगितलं आणि दुसरी नवी साठ रुपयांची वायर मागवली. मग एकसारखा सूर वाजवून, मल्टीमीटर लावून दोन्ही चॅनलचे व्होल्टेज अगदी सारखे केले. (परीक्षक म्हणत होते ते यंत्र इथे उपयोगी आलं. मी ते कबूल करते.)

मिक्सर कपाटामागे ठेवला. तिथे आमच्या शाळेच्या मावशी एक नाणं घेऊन बसल्या. छापा आला तर एक चॅनल, काटा आला तर दुसरा. त्यांनी फक्त वहीत खूण करायची, बोलायचं नाही, बाहेर यायचं नाही. मी मुलांबरोबर पुढे बसले, म्हणजे मलाही माहीत नाही. दर वेळी आधी ‘ही पहिली’, ‘ही दुसरी’ असं सांगून दोन्ही ऐकवायच्या, मग नाण्याने ठरलेली ‘गुपित’ वायर. ती पहिली की दुसरी, ते प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीवर लिहायचं, शेजाऱ्याचं न बघता. असं दहा वेळा. पाच झाल्यावर वायरींची चॅनल अदलाबदल केली.

वर्गात बत्तीस मुलं होती. बहुतेकांचे चार, पाच, सहा बरोबर आले. दोघांचे आठ! वर्गाने टाळ्या वाजवल्या, ‘यांचे कान तीक्ष्ण’ असं ठरूनही गेलं. मग मी प्रत्येकाला एकेक नाणं दिलं आणि वायरीशिवायच, नुसतं ‘छापा की काटा’ ओळखत दहा वेळा उडवायला लावलं. तेव्हाही एकाचे आठ बरोबर आले, आणि तो वर्गातला सगळ्यात झोपाळू मुलगा आहे. हिशेब असा आहे: दहा वेळा नाणं उडवण्याचे एकूण १०२४ प्रकार होतात, त्यांतल्या ५६ प्रकारांत आठ किंवा जास्त बरोबर येतात. म्हणजे शंभरात साधारण साडेपाच. बत्तीस मुलांत एक-दोघांना नुसत्या नशिबाने आठ मिळणारच! सोमवारी त्या दोन ‘तीक्ष्ण’ मुलांना पुन्हा बसवलं. एकाला चार, एकीला सहा.

शेवटी बाबा बसले. मुलगी कपाटामागे मावशींशेजारी जाऊन बसली होती, तिला समोर बसवेना. बाबांनी डोळे मिटून ऐकलं, घाई केली नाही. दहापैकी सहा. सहा किंवा जास्त नुसत्या अंदाजानेही शंभरातल्या सदतीस-अडतीस जणांचे येतात. हे त्यांना मी सांगण्याआधी त्यांनीच मान हलवली.

वर्ग एकदम गप्प झाला होता. आणि मला कळलं की हा क्षण मी हाताळायला हवा होता, पण मला काही सुचलं नाही. मुलगी कपाटामागून आली आणि म्हणाली, “पण बाबांना हम ऐकू आली होती, ती कुणालाच आली नव्हती. ते पण लिहायचं ना बाई?” लिहायचंच होतं. तेही निरीक्षणच आहे, आणि त्याला तर पीन उघडून पुरावाही मिळाला.

आता निष्कर्ष काय लिहायचा, यावर आमचं दोन दिवस चाललं होतं. मुलांना लिहायचं होतं, ‘वायरीने काही फरक पडत नाही हे सिद्ध झाले’. इथे शिक्षकांनी थांबवायला हवं. आपल्याला फरक सापडला नाही आणि फरक नाही, ही दोन वाक्यं वेगळी आहेत. यासाठी मी त्यांना बाहेरची एक गोष्ट सांगितली, तुम्हालाही सांगते. बोस्टनमधल्या ध्वनिप्रेमींच्या मंडळातले मेयर आणि मोरन यांनी अशीच न बघता ऐकण्याची चाचणी घेतली. जास्त दर्जाचं रेकॉर्डिंग एकदा जसंच्या तसं आणि एकदा साध्या सीडीच्या दर्जात उतरवून. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं, म्हणजे जवळजवळ निम्मं. हे २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. मंडळातली माणसं आहेत म्हणून कुणी परत पाठवलं नाही. पण छापल्यावर लोकांनी आक्षेपही घेतले, की ऐकवलेल्या काही तबकड्यांमधलं मूळ रेकॉर्डिंगच तेवढ्या दर्जाचं नव्हतं. मग २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली, साडेबारा हजारांच्या आसपास उत्तरं. त्यात बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली. अगदी थोडा, पण नशिबापेक्षा जास्त, आणि आधी सराव दिलेल्यांत बराच जास्त. म्हणजे आमच्या वर्गातल्या दहा-दहा चिठ्ठ्यांना जो फरक दिसणार नाही, तो हजारो चिठ्ठ्यांत दिसू शकतो.

आणि हे न बघता ऐकायचं तंत्र, पहिली-दुसरी-गुपित असं, ध्वनीच्या हौशी लोकांत कुणी रुजवलं माहितीये? अमेरिकेत मिशिगनमधल्या एका हौशी मंडळाने! त्यांच्या मंडळाच्या नावातच ‘वूफर आणि ट्वीटर संचलन मंडळ’ असं काहीतरी गमतीशीर आहे. त्यांच्यातल्या डेव्हिड क्लार्क यांनी त्यासाठी केलेल्या पेटीवरचा लेख १९८२ मध्ये त्याच नियतकालिकात आला. व्हायोलिनवाल्यांचंही तसंच. पॅरिसमध्ये २०१२ साली दहा नामवंत वादकांना काळे चष्मे घालून सहा जुनी आणि सहा नवी व्हायोलिनं वाजवायला दिली, जुन्यांत स्ट्रॅडिव्हरियससुद्धा होती. दहांपैकी सहा जणांनी नवं निवडलं. त्या चमूत एक व्हायोलिन बनवणारे कारागीरही होते. म्हणजे डिग्री कुणाची आहे ते बघायचं नसतं. गुपित खरंच गुपित राहिलं का, आवाज सारखा मोठा केला होता का, किती वेळा केलं, चुकलेली उत्तरंही लिहिली का, हे बघायचं. एवढं असेल तर रोडपालीच्या वर्गात केलेलाही प्रयोगच. आणि एवढं नसेल तर लाख रुपयांच्या खोलीत बसून केलेली गप्पा.

वर्गात करायचं असेल तर मिक्सर हवाच असं नाही. दोन कागदी पेल्यांचा दोरीचा फोन घ्या, एक सुती दोऱ्याचा आणि एक नायलॉनचा, आणि पलीकडून कुणी बोललेले शब्द ओळखायला लावा. शब्दांची यादी मुलांना आधी दाखवू नका. दोरा दोन्हीकडे सारखा ताणलेला हवा, नाहीतर आमच्या मिक्सरच्या बटणासारखं होईल. एक अनुभव पालकांसाठी मुद्दाम सांगते. आमच्या चिठ्ठ्यांमध्ये सरावासाठी एक अगदी सोपा फेरा होता, मोठा आवाज की बारीक, एवढंच ओळखायचं. एका मुलाचा तो पुन्हा पुन्हा चुकला. मी वर्षभर त्याला ‘लक्ष कुठंय तुझं’ म्हणत होते. त्याच्या आईला बोलावून कान दाखवायला सांगितलं. कानात मळ घट्ट बसला होता, काढल्यावर पोरगं दुसऱ्या बाकावरून उत्तरं द्यायला लागलं. आमचा खेळ म्हणजे कानाची तपासणी नव्हे, ती डॉक्टरांनीच करायची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा अशा मुलांची नावं आपण पुढे होऊन सांगावीत.

आता त्या मुलीचा नवा तक्ता. तिने स्वतः लिहिलाय, मी फक्त शुद्धलेखन बघितलं: “दोन्ही वायरी चांगल्या जोडलेल्या असताना आणि आवाज सारखा ठेवला असताना आमच्या वर्गाला व माझ्या बाबांना फरक ओळखता आला नाही. वायर तुटलेली असेल तर माझ्या बाबांना ओळखता येते, आम्हाला येत नाही.” ‘सिद्ध झाले’ हे शब्द तिने या वेळी कुठेच वापरलेले नाहीत.

बाबांनी महागड्या वायरी परत केल्या नाहीत. म्हणाले, “मॅडम, शाळेत पंख्याखाली दहा मिनिटं ऐकलं ते ठीक. माझी वायर मिरवणुकीत पावसात असते, लोक पाय देतात, टेम्पोत ओढली जाते. जाड वायर तुटत नाही. मी आवाजासाठी घेतली म्हणत होतो, ते सोडून द्या.” मुलीने लगेच विचारलं, मग कोणती वायर किती वेळा वाकवल्यावर तुटते ते मोजायचं का? दिवाळीच्या सुट्टीनंतर तेच करतोय. दोन जुन्या वायरी त्यांनी दिल्या आहेत, आणि वाकवायला वर्गात इतके हात वर आले की चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.